तुसड्याच्या घरातलं मौन

सुकुमार पाटलाला तुम्ही ओळखत नसाल, पण तसा एखादा तुमच्याही घरात असेल. सांगलीजवळच्या गावात त्याचं पशुखाद्याचं दुकान. मापाला चोख, व्यवहाराला सरळ, पण समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच हा तोडायचा. ‘मुद्द्याचं बोल,’ नाहीतर ‘आत्ता न्हाई.’ गाव त्याला तुसडा म्हणायचं आणि हा पठ्ठ्या त्यावर खूश. तुसड्याच्या दारात रिकामटेकडे थांबत नाहीत, असं वर हसून सांगायचा.

यंदा जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात त्याच्या आईनं, गुणमालाबाईंनी, बोलणंच बंद केलं. सुकुमारनं परस्पर ठरवलं, आईनं मौनव्रत घेतलंय. जैन मंदिरात तो चारचौघांत छाती फुगवून सांगू लागला. बायका येता-जाता म्हातारीला हात जोडू लागल्या. आईला विचारावं, असं काही त्याला सुचलं नाही.

पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात कुणाला दुखवलं असेल, तर पाया पडून क्षमा मागायची रीत. थोरली बहीण सुंदरीअक्का आटपाडीहून आली, आईच्या पायाशी वाकली आणि तशीच थबकली.

“आई, हे काय गं?”

पातळाच्या काठाखाली चिंधी गुंडाळलेली होती. अक्कानं ती सोडली. पायाचं एक बोट काळंठिक्कर पडलं होतं, वास मारत होतं. आणि आईला साखरेचा आजार!

सुकुमार पुढं धावला. “आई, सांगितलं का न्हाईस?”

“दोनदा आलते रं सांगाय. आत्ता न्हाई म्हणालास.”

“आणि व्रत?”

“कसलं व्रत? तुझ्याशी बोलायचं भ्या वाटाय लागलं, म्हणून गप बसले.”

जन्मदात्या आईला आपली भीती! सुकुमारनं तिला उचलून गाडीत बसवलं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल, पाय वाचतो का ते नंतर बघू. बाहेरच्या बाकावर सुकुमार पुटपुटला, “मी मनानं वाईट न्हाई गं, अक्का.”

“ते आईला म्हायती हाय. तरी पाय जायची पाळी आलीच न्हवं? आज्जी सांगायची, तुसडा हा शब्द तुसावरनं आला. धान्याचं तूस. दाणा कितीबी चांगला असू दे, तूस टोचलं की माणूस हात मागं घेतं. आईनं तेच केलं.”



बोट गेलं, पाय वाचला. आई शुद्धीवर आली, तेव्हा तो खाटेशी होता. “आई, चुकलं माझं. तुला काय पायजे ते सांग, मी हितंच बसलोय.”

आईनं आधी त्याचा चेहरा न्याहाळला. मग दबकत म्हणाली, “वाईच पाणी दे.” कधीची तहानलेली होती, कोण जाणे. सुकुमारला रडू आवरेना.

मंडळी, घरातलं कुणी गप्प झालं, तर ते वय झालं म्हणून किंवा व्रत म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसून विचारा, आणि ते बोलेपर्यंत थांबा.