मधाच्या पेट्या आणि कोरडा कूलर

गाडीचे बॉनेट उघडले तरी मी चटकन दिसणार नाही, मित्रांनो. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्याही पुढे, ताटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा चपटा तुकडा असतो, बारीक पत्र्यांच्या घड्या घातलेला. तो मी. मी एक जुना ऑइल कूलर आहे. सध्या भंगारात पडलो आहे. मला कुणी काही विचारलेले नाही, तरी सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दोन्ही तोंडांना टोपणे होती आणि पोटात स्वच्छ हवा. मला एका मिस्त्रींनी घरी आणले. ते गाड्या दुरुस्त करत आणि त्यांची बायको मधमाश्या पाळत असे. जिकडे फुलोरा, तिकडे बाई पेट्या घेऊन जात. पेट्या ट्रेलरवर आणि ट्रेलर त्यांच्या पिकअपच्या मागे. ती पिकअप आपोआप गिअर बदलणारी होती. अशा गाडीच्या गिअरबॉक्समध्ये लाल तेल फिरत असते. ओझे ओढत चढ चढताना ते तापते, फार तापले की करपते, आणि तेल करपले की गिअरबॉक्स संपला. रेडिएटर ते थोडेफार निववतो, पण ट्रेलर जोडला की त्याचे बळ पुरत नाही. म्हणून माझी नेमणूक झाली.

मिस्त्रींनी मला बसवले तो दिवस मी विसरलेलो नाही. रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे तेल परत जाते ती वाट आधी शोधायची होती. त्यांनी रेडिएटरची एक नळी सोडली, तिथे बाटली धरली आणि बाईंना हाक मारली.

"चालू कर. जरासंच हं!"

"आलं का तेल?"

"आलं, आलं! बंद कर, नाहीतर माझी आंघोळ होईल."

वाट सापडली. त्या वाटेवर त्यांनी मला जोडले. तेल आधी रेडिएटरमध्ये, मग माझ्यात, मग घरी. नळ्या तेलाच्याच घेतल्या, साध्या पाण्याच्या नव्हेत. कुठे चिमटू नयेत म्हणून त्यांना मोठे वळण दिले, सायलेन्सरपासून लांब ठेवले, पत्र्याला घासतील तिथे रबर बांधले. माझ्या पायांखालीही रबर घातले.

"एवढे लाड?" बाई हसल्या.

"तुझ्या माश्यांना वारा लागतो, तुझ्या गाडीला नको?" मिस्त्री म्हणाले.

त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. चढावर माझ्या अंगातून तापलेले तेल सळसळत जाई, समोरून वारा लागे आणि मागे ट्रेलरवर माश्या गुणगुणत. वरच्या वळणावर बाई गाडी थांबवून बॉनेटवर हात ठेवत आणि म्हणत, "शहाणी ती माझी गाडी!" कौतुक गाडीचे होई, पण त्यातला माझा वाटा मला ठाऊक होता.

मग मिस्त्रींचे हात कापू लागले. पाना धरवेना, चहाची कपबशी वाजू लागली. त्यांचे काम सुटले. घराच्या पायरीवर बसून ते नुसते विचारत, "अगं, तेल बघितलंस का?" बाई रोज पट्टी ओढून तेल बघत.

पिकअप रिकामी असली की मिस्त्रींचा धाकटा भाऊ ती फर्निचर वाहायला नेत असे. त्याला गाडीचा रुबाब हवा होता. त्याने पुढे जाडजूड लोखंडी गार्ड ठोकला आणि त्यावर आपल्या नावाची मोठी पाटी लावली. माझा वारा तुटला. गार्डची कड माझ्या नळीला घासू लागली, आणि एक दिवस नळीतून तेल गळायला लागले. नवी नळी टाकण्याएवढी सवड त्याला नव्हती. त्याने माझ्या दोन्ही नळ्या उपसल्या, एका तुकड्याने एकमेकींना जोडल्या आणि माझ्या तोंडांत चिंध्या कोंबल्या.

"जादाचाच तर आहे," तो पुटपुटला. गळती थांबली. पाटीमागे काय आहे ते कुणाला दिसणार नव्हते. मी जागच्या जागी होतो, पण कोरडा.

पुढच्या फुलोऱ्याला बाईंनी पहाटे पेट्यांची तोंडे जाळीने बंद केली. तेल बघितले. ते पट्टीवर खुणेइतके होते. अर्ध्या चढावर इंजिन नुसतेच ओरडू लागले आणि गाडी पुढे सरकेना. करपट वास आला. बाईंनी चाकांमागे दगड लावले आणि धाकट्याला फोन केला.

"भावजी, गाडी तापलीय. काही बिघडलंय का हो हिचं?"

"छे! मी परवाच तर चालवली. जरा निवू द्या वहिनी, निघेल."

बाईंनी विश्वास ठेवला. कूलर आहे, थोडे थांबले की निवेल, असे त्या पेट्यांना समजावल्यासारखे बोलत होत्या. त्या निवण्याची वाट बघत माझ्यापुढेच उभ्या होत्या. मला हाक मारता आली असती तर! तेल निवून आता उपयोग नव्हता, ते जळून गेले होते. त्यांनी पुन्हा इंजिन सुरू केले, पुन्हा थांबल्या. तोवर ऊन चढले. पेट्यांतली गुणगुण आधी वाढली, मग चिरकी झाली. बाईंनी पिण्याचे पाणी ओतले, ओढणी भिजवून टाकली आणि शेवटी जाळ्या ओरबाडून काढल्या. फार थोड्या माश्या उडाल्या. आतली पोळी वितळली होती. पेट्यांच्या फटींतून मध डांबरावर गळू लागला.

गाडी ओढून न्यायला आलेल्या माणसाने पाटी काढली तेव्हा बाईंनी मला पाहिले. त्यांनी माझ्या तोंडातली चिंधी ओढून मुठीत धरली.

घरी धाकटा आधीच पोचला होता. "दादा, तू बसवलेला कूलरच दगा देऊन गेला बघ," तो सांगत होता. मिस्त्री आपल्या कापणाऱ्या हातांकडे बघत म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

बाईंनी चिंधी त्याच्यापुढे टाकली.

"गळत होतं म्हणून तात्पुरतं केलं, वहिनी. सांगायचं राहून गेलं."

"मी फोन केला तेव्हाही राहून गेलं? तेव्हा कळलं असतं तर पेट्या सावलीत उतरवून उघडल्या असत्या, भावजी. निम्म्या तरी वाचल्या असत्या."

मिस्त्रीच म्हणाले, "जाऊ दे गं, घरातलंच माणूस आहे." बाईंनी नवऱ्याकडे असे पाहिले की मिस्त्रींनी मान खाली घातली. त्या आता दुसऱ्याच्या कारखान्यात मधाच्या बाटल्या भरतात. घरी त्या मधाचे नाव काढत नाहीत. धाकट्याने दुसरी गाडी घेतली, तिच्यावरही पाटी आहे. मला पिकअपबरोबर भंगारात लोटले.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही. माझी वेळ गेली. तुम्ही मोठे व्हाल, यंत्रे हाताळाल, कधी घाईत एखादी वस्तू काढूनही टाकाल. टाका. पण ज्याच्या हाती ते यंत्र देणार असाल त्याला तोंड उघडून सांगा. ओशाळे व्हाल, दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. ते ऐकून घ्या.