करपलेलं खापर

उकरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी दिसेल तिथली माती चमच्याने उकरत बसायची, कुंडीतली रोपं उपटून मुळं बघायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं ते नाव. पुढे ती पुरातत्त्व शिकायला थेट परदेशी निघाली तेव्हा बाबा म्हणाले, चला, नाव सार्थकी लागलं. आईने बॅगेत आणखी एक चादर कोंबली आणि निघताना पोरीच्या गालावरून हात फिरवून एवढंच म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

आईची नात्यागोत्यात ख्याती अशी, की तिच्या हातून कधी दूध उतू गेलं नाही की भांडं करपलं नाही. भांडी इतकी लख्ख, की त्यात बघून भांग पाडावा. पण लेक गेली आणि काहीतरी बिनसलं. बाबा फोनवर हळूच सांगायचे, आजही तुझ्या आईने दूध जाळलं. गॅससमोरच उभी असते, पण लक्ष थाऱ्यावर नसतं. मागून आईचा आवाज यायचा, जळलं कुठे, जरासं लागलं. मग मायलेकी उगाच तिकडच्या थंडीबद्दल बोलत बसायच्या.

दुसऱ्या वर्षी, उत्खननाचा हंगाम संपत आला असताना, आईच तिकडे जाऊन थडकली. निमित्त काय, तर म्हणे पोरीची तब्येत बघायची. उत्खननाच्या मुलामुलींसाठी एक जुनं दुमजली घर भाड्याने घेतलेलं होतं. त्यात उकरीच्या वाट्याला एक खोली, दोन खाटा आणि एक लंगडं टेबल. खापरांची चित्रं काढायला बसलं की ते टेबल डुगडुगायचं, रेघ वाकडी जायची, आणि उकरी टेबलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खोडरबर शोधायची. आईने खोलीवरून एक नजर फिरवली आणि नाक मुरडलं. झाडू कुठे ठेवतेस, हा तिचा परदेशातला पहिला प्रश्न.

आता या शिक्षणाची गंमत सांगायलाच हवी. लोकांना वाटतं, जमीन खोदली की मोहरांचे हंडे निघतात. कसले हंडे घेऊन बसलात! निघतात ती खापरं. पोत्यांनी खापरं. ती घरामागच्या शेडमध्ये आणायची, घमेल्यातल्या पाण्यात मऊ ब्रशने घासायची, सावलीत वाळवायची आणि मग एकेकावर नंबर घालायचा. आई शेडमध्ये गेली, पोरांचं ते लाडेलाडे घासणं तिने बघितलं, आणि तिला राहवेना. पदर खोचून बसलीच. संध्याकाळपर्यंत तिने असा काही फडशा पाडला, की उत्खननाच्या प्रमुख बाई, ज्यांच्यापुढे ही सगळी पोरं चळाचळा कापायची, त्या स्वतः शेडमध्ये आल्या आणि त्यांनी आईचा ओला हात हातात घेतला. उकरीने भाषांतर करून सांगितलं, बाई म्हणतायत इतकी स्वच्छ खापरं त्यांनी आजवर पाहिली नाहीत. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि पुढचा सगळा घोटाळा त्या शाबासकीने केला.

त्याचं असं झालं. उकरीचा प्रबंध एका मडक्यावर होता. चुलीशेजारी फुटून पडलेलं, आतून काळंकुट्ट. त्या काळ्या थरात जुन्या अन्नाचा अंश राहतो, आणि तो प्रयोगशाळेत तपासला की त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईने तेव्हा काय शिजवलं ते कळतं. म्हणून असली खापरं धुवायची नसतात, त्यांना फार हातसुद्धा लावायचा नसतो. सगळ्या हंगामात असं मडकं हे एकच निघालं होतं आणि खड्डा आता बुजवायला घेतला होता. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, यातून काही हाती लागलं तर पुढचं वर्ष, नाहीतर विषय संपला, घरी जा. उकरीने ती खापरं चित्रं काढण्यासाठी खोलीत आणली. सकाळी कामावर निघताना आईला म्हणाली, हे माझं सगळ्यात महत्त्वाचं काम बरं का, उद्या बाईंना द्यायचंय. धुऊ नकोस हे सांगायचं मात्र तिला सुचलं नाही. कुणाला सुचेल?

आईचा जीव कळवळला. पोर दिवसभर उन्हात राबणार, आणि उद्या त्या कडक बाईंपुढे ही असली कळकट खापरं नेणार!

संध्याकाळी उकरी परतली तेव्हा टेबलावर टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर तिच्या मडक्याची खापरं वाळत होती. आतून बाहेरून तांबूस, लख्ख. आई हात पुसत शेजारी उभी होती, कौतुकाची वाट बघत.

उकरीच्या पायाखालची जमीन सरकली. एकेक खापर तिने उलटून बघितलं, आतली बाजू उजेडात धरली. कुठे काही शिल्लक नव्हतं. काय झालं ते तिने चार तुटक वाक्यांत सांगितलं, आणि मग बोलू नये ते बोलून गेली.

"तुला मी घरीच हवी होते ना? झालं आता तुझ्या मनासारखं."

आई खाटेवर बसली. पाण्याने सुरकुतलेले तिचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. ती रडली नाही. रडणाऱ्यांतली ती नव्हेच. म्हणाली, "हवी होतीस. रोज हवी असतेस. पण अशी हरून आलेली नको होतीस गं."

उकरीला स्वतःची लाज वाटली. माफी मागायचा धीर होईना, म्हणून ती पाठमोरी होऊन टेबलाशी बसली, टॉवेल बाजूला केला आणि डोळे पुसत कालचं अर्धं राहिलेलं चित्र पुढे ओढलं. निदान तेवढं तरी पुरं करावं. रेघ ओढली. सरळ आली. दुसरी ओढली, तीही सरळ. तिने टेबल हलवून बघितलं. हलेना.

आईला विचारलं तर आई ओशाळून म्हणाली की पायाखाली तुकडा सरकवलाय एक. तुझ्याच खापरांतला होता. इतका करपलेला, की बघितल्याबरोबर कळलं, हे काही निघायचं नाही. असलं ध्यान बाईंना काय दाखवायचं, म्हणून पाणीसुद्धा लावलं नाही.

उकरी टेबलाखाली पालथी पडली. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आईने दोन्ही हातांनी टेबल उचलून धरलं, लेकीने खापर कागदावर सरकवून घेतलं. मडक्याच्या बुडाचा तुकडा, आणि आत बोटभर रुंदीची खरपुडी, सगळ्यात जाड. उकरीचा जीव भांड्यात पडला. तिने टेबल धरून उभ्या असलेल्या आईच्या कमरेला मिठी मारली आणि चुकलं म्हणाली. आई म्हणाली, आधी मला हे टेबल खाली ठेवू दे.

सकाळी उकरी बाईंना सांगू लागली की खापरं खोलीत ठेवली ही चूक माझी. आईला शब्द कळले नाहीत, पण पोर कशाची कबुली देतेय ते बरोबर कळलं. ती पुढे झाली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हवेत ब्रश घासून दाखवला. बाई दोघींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते काळं खापर धुतलेल्या खापरांच्या मधल्या फटीशी धरून बघितलं. चपखल बसलं. मडकं तेच, यात शंका नव्हती. आतला थर जाड आहे, तपासणीला पुरेल, असं बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून न धुवायची खापरं मात्र कुलपात गेली.

तपासणीचा निकाल आला तेव्हा आई घरी परतली होती. उकरीने फोन लावला, बाबांनी तो दोघांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला. पुढचं वर्ष मिळालं, हे तिने आधी सांगितलं. मग सांगितलं की मडक्यात दूध होतं. नुसतं तापवलेलं नव्हे, पार करपलेलं.

बाबा खो खो हसले. म्हणाले, म्हणजे तुझ्या आईची सख्खी बहीणच की!

आई हसली नाही. ती म्हणाली, "तिला नावं ठेवू नका. तिचीही लेक लांब गेली असेल."