शेंदूर चढलेला घण

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. पण लोहाराच्या भात्यापाशी वाढलेला नव्हे. मी दगडांची परीक्षा घेणारा घण. तीस पौंड वजन, गोल पोलादी अंग आणि आयुष्यभर काम एकच, पडण्याचे. दोन उभ्या दांड्यांमधून मला पंधरा इंच वर ओढतात, खटका सोडतात आणि मी खालच्या पोलादी वाटीतल्या खडीवर कोसळतो. असे पंधरा वेळा. मग वाटीतला चुरा चाळतात. शंभर भागांतले तीसहून जास्त भाग बारीक चाळणीतून खाली गेले, की तो दगड नापास. दयामाया माझ्या धंद्यात नाही. दगडाची हाडे मोडताना मला मजा येत असे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

मला भट्टीत भाजले, लेथवर सोलले आणि १९५४ साली खोक्यात घालून कासारवाडीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणले. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते. रोज कुणाची ना कुणाची खडी माझ्याखाली येई. शेडचे प्रमुख होते लक्ष्मणराव ओव्हरसिअर आणि मला चालवी ज्योतीराम. तो उस्मानाबादकडून पोटासाठी आलेला, अबोल आणि कामाला चोख. प्रत्येक घाव तो मोठ्याने मोजी आणि संध्याकाळी मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवी. पुण्याहून आलेले साहेब म्हणत, "या घणाचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द." हे ऐकून मी फुगत असे. फुगलो, तिथेच माझे घोडे अडले.

दोन वर्षांनी खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळ्या हत्यारांना विश्रांती आणि पूजा. बाकीच्यांनी हळदकुंकू वाहिले. ज्योतीरामच्या घरची रीत निराळी होती. त्याने तेलात कालवलेला शेंदूर माझ्या अंगाला आणि त्या दोन्ही दांड्यांना दाट माखला, झेंडूचा हार घातला आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी हार उतरला, शेंदूर मात्र राहिला. देवाला चढवलेला शेंदूर पुसायचा नसतो, असे त्याच्या मनाने घेतले होते. संध्याकाळचे फडके बंद झाले. रोजच्या चाचण्यांची धूळ त्या तेलकट शेंदरात बसत गेली आणि आठवड्याभरात दांड्यांवर चिकट थर झाला. मी पडत होतो, पण मागून कुणी अंगरखा धरून ठेवावा तसा रखडत पडत होतो.

नेमका तेव्हाच एका नव्या कारखान्याचा दगड आला. तिथे पोलाद ठोकणारी अवजड यंत्रे बसायची होती. त्यांच्याखालची या खडीच्या काँक्रीटची जमीन फुटली, तर यंत्र उभ्या माणसांवर कलंडणार होते. खडी भोसरीपलीकडच्या खाणीची, आणि खाणीचा ठेकेदार मालोजी. त्याच्याकडे दगड फोडणाऱ्यांचा म्होरक्या होता बिरू. तो स्वतः लक्ष्मणरावांना सांगून गेला होता, "सायेब, वरच्या थराचा दगड कुजका हाय. खालचा काळा फत्तर फोडाया येळ लागतुया, म्हून मालक ह्योच भरतुया. एकदा ठोकून बगा."

चाचणीच्या दिवशी मालोजीची चाळीस माणसे आवारात गाड्यांमधून खडी उतरवत होती. बिरू दारात उभा होता. मी पंधरा वेळा पडलो. ज्योतीरामने चुरा चाळला, तोलला आणि आकडा सांगितला, "सव्वीस. पास."

मित्रांनो, मला ओरडायचे होते. पण मला पडण्याखेरीज दुसरा आवाज नाही.

मालोजीने कुदळीचा दांडा उचलला. "माझ्या पाठीमागं सायबाकडं जातोस? खोटारड्या!" पहिला दांडा बिरूच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. बिरू खडीच्या ढिगावर कोसळला तरी दांडा थांबेना. चाळीस माणसे घमेली धरून खालमानेने बघत राहिली. बिरूची बायको सरुबाई धावत येऊन त्याच्या अंगावर पडली, तेव्हा दोन दांडे तिच्याही पाठीत बसले. लक्ष्मणराव आतून बाहेर आले आणि त्यांनी दांडा हिसकावून घेतला. "आजपासून खाणीत पाय ठेवू नको," असे बजावून मालोजी निघून गेला.

ज्योतीरामने बिरूला पाणी दिले. बिरू तोंडातले रक्त थुंकून म्हणाला, "मास्तर, तुमचा घण मोकळा पडत न्हाई. जलमभर घण चालवलाय म्या. मोकळ्या घणाचा आवाज आसा बसका न्हाई येत."

"यंत्र खोटं बोलत नाही, बिरूभाऊ," ज्योतीराम म्हणाला.

पण त्याची झोप उडाली असावी. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने दांडीवरून बोट फिरवले. बोटाला राखाडी शेंदरी चिखल लागला. मग त्याने मला हात जोडून क्षमा मागितली, रॉकेलचा बोळा घेतला आणि दांड्या लखलखीत केल्या. लक्ष्मणराव येताच त्याने सगळे सांगून टाकले.

"हे कागदावर गेलं तर तुझी नोकरी जाईल, ज्योतीराम."

"जाऊ द्या साहेब. तिकडं यंत्राखाली माणसं उभी राहणार हायत."

तो नव्याने खडी भरत असताना मालोजी आत शिरला. "पास झालेला दगड परत का ठोकतोस?"

"कालची चाचणी चुकली होती," असे म्हणत ज्योतीरामने वाटीतली खडी बोटांनी सारखी केली. मी वर टांगलेलो होतो. मालोजीने पुढे होऊन खटका ओढला.

मी पडलो. मोकळा आणि पूर्ण जोराने पडलो. ज्योतीरामची दोन बोटे माझ्याखाली खडीसारखी चिरडली. दगडाची हाडे मोडण्यातली माझी मजा त्या क्षणी कायमची संपली. किंकाळी ऐकून माणसे धावली, त्यांनी मालोजीला भिंतीशी दाबून बुकलले आणि पोलिसांच्या हवाली केले. दुपारी लक्ष्मणरावांनी नवी खडी भरून स्वतःच्या हाताने खटका ओढला. आकडा आला चव्वेचाळीस. दगड नापास झाला, आणि खालचा काळा फत्तर काढायला बिरूला बोलावणे गेले.

बिरू आला, पण खाणीकडे वळेना. सुजलेल्या जबड्याने तो सावकाश म्हणाला, "सायेब, मार खाल्ला चाळीस मानसांसमूर. खोटा ठरलो तेबी त्यांच्याच समूर. खोलीत मला खरा म्हनून काय उपेग?"

मग मला शेडमधून आवारात आणले. तीच चाळीस माणसे गोळा झाली. हात गळ्यात बांधलेला ज्योतीराम शेजारी उभा राहिला आणि खटका बिरूने ओढला. पंधरा घावांत त्या दगडाचे पीठ झाले. ज्योतीराम खाली बघत म्हणाला, "चूक माझी होती. बिरूभाऊ खरं बोलत होता."

सरुबाई मागे उभी होती. तिने पदर खोचला आणि ती म्हणाली, "मोठ्यानं बोला मास्तर. मागं ऐकू येत न्हाई."

ज्योतीरामने मान वर केली आणि तेच पुन्हा, छाती भरून, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असे सांगितले.

आता माझ्या जागी विजेवर चालणारे यंत्र आले आहे आणि मी कोपऱ्यात गंज खात पडलो आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या हाताखालच्या अवजाराला हार जरूर घाला, नमस्कार करा आणि कामाला लावण्याआधी ते स्वच्छ पुसा. माझ्या अंगावर आठवडाभर मळ राहिला, त्याचा मार बिरूने खाल्ला.