धुराला चालणारं लाकूड

मोबाइलवरचा तो दाढीवाला गोरा फार सोपं करून सांगतो. कोंबडी धुरावर शिजवायला सफरचंदाचं लाकूड, मटणाला ओकचं. आमच्या सणसरला सफरचंद आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीतून नेतात. त्याचं लाकूड मी कुठून आणू? म्हणून मी आपलीच झाडं धरली आणि घोळ सुरू झाला.

रस्त्याकडेच्या आमच्या रिकाम्या शेडमध्ये मला हॉटेल काढायचं होतं, धुरावर शिजवलेल्या कोंबडी-मटणाचं. शेड सासऱ्यांची, आबांची. त्यांनी सांगून टाकलं, "रविवारी बारामतीचं पाव्हणं जेवायला येणार हायेत. त्यास्नी आवडलं तर शेड तुझी. न्हायतर शेळगावचा एक जण म्हशी बांधायला मागतोय, त्याला देतो." म्हणजे माझं हॉटेल नाहीतर म्हशींचा गोठा.

जुन्या पत्र्याच्या पिंपाला खाली दार पाडून घेतलं, वर जाळी बसवली. आधी बाभूळ पेटवली, चुलीत तीच जाते म्हणून. मटण काळंकुट्ट झालं आणि कडू. नवरा, सौरभ, एक तुकडा तोंडात घालून "छान झालंय" म्हणाला आणि बाहेर जाऊन थुंकला. मग आंब्याची वाळकी फांदी आणली. कोंबडीला असा गोडसर वास लागला की मी पिंपाजवळून हलेना. तेवढ्यात आबा आले.

"कशाचं लाकूड हाय?"

"आंब्याचं."

"आंबा नगं. त्याच्या धुरानं पोटात कळ येती."

असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण शेड त्यांची. दुसऱ्या दिवशी मटणाला जांभूळ लावलं. मटणाचं सोनं झालं. आबा म्हणाले, "जांभूळ नगं. घसा धरतंय." तुकडा त्यांनी तोंडातसुद्धा घातला नव्हता. न खाता घसा धरणारं मटण करणारी मी पहिलीच असेन. चिंच आणली, तर ती पेटवायच्या आधीच म्हणाले, "चिंचेवर भूत असतंय."

मी पार गोंधळले. लाकूड ओलं होतं का? साल काढायला हवी होती का? की आबांना शेड द्यायचीच नाही, आणि तोंडावर सांगवत नाही? हा शेवटचा विचार आला तेव्हा मला रडूच फुटलं.

शेजारच्या शकुबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "अगं येडे, त्या झाडांत तुमचं देवक असंल! देवकाचं झाड कोण जाळतंय व्हय?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नात त्याची डहाळी पुजायची, ते तोडायचं नाही, जाळायचं नाही. पण आमचं कोणतं? माझ्या लग्नात गुरुजींनी पाच झाडांच्या पानांची जुडी पुजली होती, आणि माझं सगळं लक्ष फोटोवाल्याकडे होतं. मी तडक आबांकडे गेले.

"आबा, आपलं देवक कोणतं? तेवढं सोडून बाकीचं जाळते."



"मला ठावं न्हाय," आबा म्हणाले. "आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं तवा मी बारका हुतो. भावकी पांगली, वडील वारलं. आईला ठावं हुतं. मी कधी इचारलंच न्हाय, अन् ती गेली. घरातला कर्ता मी, आता कुणाला इचारू? म्हणून आई चुलीत घालायची ती बाभूळ सोडून समद्याच झाडांना भितो."

मला भयंकर वाईट वाटलं. आणि रविवार तर उद्यावर आलेला. परसात पेरूच्या छाटलेल्या फांद्या वाळून पडल्या होत्या. पेरू काही त्या पाच पानांत नसतो. त्याच घेतल्या.

रविवारी पाहुण्यांनी हाडंसुद्धा सोडली नाहीत. आबा मात्र जेवायचं सोडून पिंपाजवळ बसून राहिले होते. पाहुणे गेल्यावर एवढंच म्हणाले, "शेड तुझी."

सोमवारी मी कोयता घेऊन परसात गेले, तर पेरूच्या खोडाला हळद-कुंकू लावलेलं. आबा तिथंच उभे.

"पेरू तोडायचा न्हाय. जाळायचा बी न्हाय."

"आबा! आता काय झालं?"

"काल धूर नाकात गेला अन् आठवलं. गाव सोडताना आईनं जातं मागं ठिवलं, पर ह्याचं रोप डब्यात घालून मांडीवर आणलं. उगं आणंल का ती? पोरी, ह्योच आपलं देवक."

पेरूचं देवक मी कुठं ऐकलं नव्हतं. खरं की खोटं, कोण सांगणार? आबांनी खोडाला डोकं टेकवलं आणि डोळे पुसले. मी कोयता पदराआड घेतला. शेड मिळाली होती आणि लाकूड गेलं होतं.

"मग मी जाळू काय?"

"आंबा जाळ की कोंबडीला. मटणाला जांभूळ. आता कशाला भ्यायचं?"

"आणि आंब्याच्या धुरानं पोटात कळ येते त्याचं?"

"थांबली," आबा म्हणाले, आणि माझ्या हातातून कोयता घेऊन आंब्याकडे निघाले.