पुठ्ठ्याची बोट आणि मोठी कात्री

मोडलं ते माझं मनगट, डोकं नव्हे. हे मी घरात सगळ्यांना सांगून पाहिलं. पण आमच्या सूनबाईंनी एकदा मनावर घेतलं की घेतलं. जिन्यावरून घसरून मोडलेल्या हाताचं प्लास्टर निघालं त्या दिवशी चहा घेताना माझा कप बशीत किणकिणला. तिने ते ऐकलं, आणि संध्याकाळी माझी मोठी कात्री दुकानातल्या कपाटात कुलपाआड गेली. किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात.

घराच्या खालीच आमचं शिलाईचं दुकान. बेतायचं-कापायचं मी, मशीनवर शिवायचं तिने, ही वाटणी ती लग्न होऊन आल्यापासूनची. शिवते सुरेख, पण कापायचं म्हटलं की कात्री माझ्याच हातात देते. आणि त्याच कपाटात आमच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या बाईंचं कापड पडून होतं. गडद निळं, लोकरीचं, त्यांच्या आईने जपून ठेवलेलं. त्याचा कोट हवा होता. तसं कापड आता कुठे मिळत नाही; कात्री एकदा चुकली की संपलं.

"शनिवारी बाई येतील," सून म्हणाली. "तोवर तुमचा हात बसला नाही, तर कापड समोरच्या टेलरकडे देऊ."

समोरच्याकडे! तो बाह्या अशा लावतो की माणूस कायम शरण आल्यासारखा दिसतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली. आज हे कापड गेलं की उद्या माझं टेबल जाणार, आणि मी कोपऱ्यात बसून बटणं लावणार.

तोडगा मुलाने काढला. हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कागद कापायला सांगितलंच होतं. त्याने इंटरनेटवरून मासेमारीच्या बोटीचा नमुना उतरवला आणि पातळ पुठ्ठ्यावर छापून आणला. तळाचा कणा, फासळ्या, दोन बाजू, वर डेक, इवलीशी केबिन. सगळं कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं.

"बोट पाण्यात सरळ उभी राहिली तर किल्ली तुमची," सून म्हणाली.

"आत्ताच काढून ठेव," मी म्हटलं.

छोट्या कात्रीने मी सगळे भाग कापले. हात कुठे अडखळला नाही, मी तर गुणगुणतही होते. पण जोडायला घेतलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. फासळ्या खाचांत बसेनात, बाजू डेकच्या बाहेर लोंबायला लागल्या. मी प्रिंटरला नावं ठेवली, मग मुलाला, मग जगातल्या यच्चयावत बोटी बनवणाऱ्यांना.

सुनेने एक बाजू उचलून उजेडात धरली आणि पोट धरून हसत सुटली.

"अहो आई, तुम्ही माया सोडलीत!"

बघते तर खरंच. शिलाईसाठी रेघेबाहेर जास्तीचं कापड ठेवतात ती माया. जन्माच्या सवयीने मी ती पुठ्ठ्यालाही सोडली होती. चिकटवायच्या पट्ट्या छापलेल्या होत्याच, त्यांनासुद्धा. माझं तोंड एवढंसं झालं.

पण तिचं हसू मध्येच थांबलं. गळ्यातली टेप काढून तिने त्या बाजूच्या कडेला लावली. नाकाशी, मध्यावर, मागच्या गोलाईवर. मग दुसरी बाजू घेतली, मग फासळ्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "माया सगळीकडे सारखी आहे. सूतभर फरक नाही."

तिने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मला वाटलं, आता कापायचंही माझ्यावरच येणार. झोप उडाली होती हो माझी." तिचे डोळे भरले होते. मला वाटत होतं हिला माझं टेबल हवंय. हिला तर मी हवी होते.

मलाही भरून आलं, पण ठरलं ते ठरलं. "उचल ती किल्ली," मी म्हटलं. "अट बोटीची आहे."

एकेक माया रेघेवर छाटली. मग सगळं निमूट जागच्या जागी बसलं. वरून वॉर्निशचे दोन हात दिले, वाळू दिलं आणि बोट बादलीत सोडली. ती किंचित डावीकडे कलली. मी बटणांच्या डब्यातून दोन पितळी बटणं काढली आणि तळाशी उजव्या अंगाला चिकटवली. पुन्हा सोडली तेव्हा अशी ताठ उभी राहिली की मुलाने टाळ्याच वाजवल्या. किल्ली मी सुनेच्या खिशातून स्वतःच्या हाताने काढून घेतली.

शनिवारी बाई यायच्या आत निळं कापड टेबलावर पसरलं आणि खडूने रेघा आखल्या. मोठी कात्री जरा जड लागली, पण हाताने ती लगेच ओळखली.

"आई, माया विसरू नका हं," सून म्हणाली.

"आता तू मला शिकव!"

तिने हसत कापडाचं दुसरं टोक धरलं आणि मी कात्री चालवली. अर्ध्या रेघेवर आल्यावर मी हळूच वर पाहिलं. माझ्या हाताकडे तिचं लक्षही नव्हतं. कोटाला कुठलं अस्तर शोभेल ते ठरवत ती फळीवरच्या ताग्यांकडे बघत होती.