अय्याच्या लाडवाचा कोप

गदगकडच्या आमच्या हिरेकोप्प गावातले म्हातारे एकाएकी मिशा काळ्या करून अय्याच्या, म्हणजे बुवाच्या, देवीच्या मांडवात रांगा लावू लागले. कायाकल्प अय्याचा तिळाचा लाडू खाल्ला की तारुण्य परत येतं, म्हणे. त्यातला गूळ माझ्याच दुकानातला. तो मी जन्मभर खातोय. गेलेले केस काही परतले नाहीत.

पण खरा चमत्कार पुढे झाला. लाडू खाणाऱ्या बसलिंगप्पाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात जिभेखाली गोळी ठेवली आणि गडी थंडगार पडला. मरता मरता वाचला. मग शंकरगौडाचंही तेच.

अय्या गरजला, “माझा प्रसाद पोटात घेऊन दवाखान्याची पायरी चढाल, तर देवी अशीच उताणं पाडेल!”

“पाडेल!” गर्दी आनंदानं ओरडली.

डॉक्टर सुमंगला हट्टींनी बसलिंगप्पाच्या बायकोला, नीलव्वाला, खोदून खोदून विचारलं, “आधी काही औषध घेतलं होतं का?”

“शिवशिव! एक गोळी नाही, अक्का.”

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे प्रसादाला औषध म्हणणं म्हणजे देवीला कंपाउंडर म्हणणं.

नैवेद्याचा पहिला लाडू अय्यानं सगळ्यांसमोर खायचा, असा मांडवाचा रिवाज. अमावास्येला तो खाल्ला आणि थोड्या वेळानं अय्याच छाती धरून खाली बसला.

“देवीपुढे निजवा रे!” शिष्य ओरडले.

“देवी राहू द्या, रिक्षा आणा!” अय्या कण्हला.

अख्खी गर्दी मागोमाग दवाखान्याच्या दारात. डॉक्टरांनी तपासलं, तीच जिभेखालची गोळी हातात घेतली. “आज काही घेतलंय?”

“काही नाही. उपास.”

“असं कसं, अय्या?” दारातून नीलव्वा म्हणाली. “आत्ताच लाडू खाल्लात की!”

“तोंड उघडा.” डॉक्टरांनी गोळी पुढे केली.

अय्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

“देवीला भितायत,” कुणीतरी कुजबुजलं.

डॉक्टरांनी गोळी बाजूला ठेवली. “खरं सांगा. जिवाचा प्रश्न आहे.”

“लाडवात मर्दानगीच्या गोळ्या कुटल्यात, बाई! छातीची ही गोळी त्यावर घेतली तर माणूस आडवा होतो. डबीवरच लिहिलंय!”

“म्हणजे माझ्या धन्याला देवीनं नाही, तू पाडलंस?” नीलव्वानं चप्पल काढली.

“थांबा, नीलव्वा! आधी तो माझा पेशंट आहे.”

दुसरी औषधं देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवलं. मग बाहेर येऊन समजावलं, “दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आल्या की रक्तदाब धाडकन कोसळतो. यात देवीचा काय संबंध? आज आणखी कुणी लाडू खाल्लाय?”

म्हातारे एकमेकांमागे दडू लागले. शेवटी बायकांनीच नवऱ्यांचे हात धरून वर केले.

मंडळी, पोटात गेलेला पदार्थ नाव बघून काम करत नाही. भस्म असो, काढा असो, प्रसाद असो, डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा. लाजेनं माणूस तांबडा होतो. लपवल्यानं पांढरा पडतो.