उतारावरचा पुकारा

"ओ बाबा, इथं काय वाजवताय? कुणी राहतं का इथं?"

पहारेकरी काठी आपटत धावत आला, तेव्हा देबेबेने कर्णा तोंडापासून दूर केला. उजाडायला अजून थोडा अवकाश होता. अदिस अबाबाच्या थंडीने त्याचे ओठ पितळेवर बधिर झाले होते.

"राहत होते," तो म्हणाला. "तू उभा आहेस ना, ते शिंप्याचं घर. जरा बाजूला हो."

पहारेकरी खरंच एक पाऊल सरकला, मग स्वतःवरच चिडला. "पिऊन आलात काय?"

"दोन गाड्या बदलून आलोय. बेलाचेव गेला. पुस्तकवाला. सांगायला नको?"

"सांगायचं कुणाला?"

देबेबेने वळून उताराकडे पाहिलं. समोर रुंद, गुळगुळीत रस्ता, कडेला फुलझाडं, सायकलींसाठी लाल पट्टा. दोन वर्षांपूर्वी इथे पत्र्याची तीनशे घरं होती. रस्त्यासाठी ती पाडली आणि माणसं शहराच्या चार टोकांना उंच इमारतींत गेली. उतार तेवढा जुना राहिला होता. त्या उतारावर देबेबेला डोळे मिटूनही प्रत्येक दार सापडलं असतं. चौतीस वर्षं तो इद्दिरचा, म्हणजे मयताला धावून येणाऱ्या वस्तीच्या मंडळाचा, कर्णेवाला होता. कुणी गेलं की पहाटे दारोदार कर्णा फुंकायचा आणि नाव सांगायचं.

अशा माणसाला कोण जवळ करतं? चहाच्या दुकानात तो टेकला की शेजारचे पेले उचलून उठायचे. बायका मुलांना शालीआड घ्यायच्या. एकट्या बेलाचेवने, देबेबे त्याच्या दुकानात आला त्या पहिल्याच दिवशी, पुस्तकांच्या फळीशेजारी खिळा ठोकला. "कर्णा इथं टांग," म्हणाला. "इथं ते नुसतं पितळ."

बेलाचेव पुस्तकं विकायचा थोडी आणि दिवसाच्या भाड्याने द्यायचा फार. पण भाड्याचं पुस्तक बहुधा घरी पोचायचंच नाही. निलगिरीच्या दोन बाकांवर बसून लोक तिथेच वाचायचे आणि भाजलेले जव चघळत भांडायचे. कादंबरीतल्या पोरीने त्या बदमाशाशी लग्न करावं की नाही, यावरून शिंपी आणि मास्तरीणबाई आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. देबेबेला अक्षर लागत नसे. त्याच्यासाठी कुणीतरी मोठ्याने वाचायचं.

"काय देबेबे, आज कुणाचा नंबर?" शिंपी चिडवायचा.

"तुझाच होता. पण माझा कोट अजून शिवून दिला नाहीस ना, म्हणून थांबवलाय."

पाडापाडीची नोटीस लागली, तसे लोक पुस्तकं परत करायला आले. बेलाचेवने एकही घेतलं नाही. "वाचून होऊ दे. सावकाश आणून दे, हा माझा नवा पत्ता," प्रत्येकाला हेच. खरं सांगितलं ते फक्त देबेबेला. "पुस्तक परत करायचं असलं की माणूस येतोच रे. नाहीतर कशाला येईल?"

नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या खोलीत त्याने फळ्या लावल्या, शेजारी कर्ण्यासाठी तसाच खिळा ठोकला आणि लोकांकडे राहिलेल्या प्रत्येक पुस्तकाची जागा मोकळी ठेवली. दर रविवारी बाकं पुसायचा, जव भाजायचा. पहिल्या महिन्यात मास्तरीणबाई आल्या, पोटभर रडल्या आणि पुस्तक आणायचं विसरल्या. त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

देबेबे मात्र यायचा. त्यालाही एक पुस्तक मिळालं होतं. बेलाचेव त्यातली चार पानं वाचून दाखवायचा, खुणेला कोंबडीचं पीस घालायचा आणि पुस्तक परत त्याच्याच हाती द्यायचा.

"इथंच ठेव की. मला कुठं वाचता येतंय?"

"ने मुकाट्यानं. पुढच्या रविवारी परत आणून द्यायला नको?"

एकदा वाचता वाचता थांबून तो म्हणाला, "माझी पाळी आली की पुकारा करशील ना? पण आपल्या उतारावर हं. या जिन्यात नको, इथं लोकांना वाटेल नळाला पाणी आलं."

"आणि मी आधी गेलो तर?"

"मग पंचाईत. मला फुंकता येत नाही."

काल संध्याकाळी बेलाचेव खुर्चीतच गेलेला पुतण्याला सापडला. त्याने फोनवरून सगळ्यांना कळवलं. हात जोडलेली चित्रं आली, फुलांची आली. आज दुपारी माती द्यायची होती आणि खांद्याला तरी माणसं जमतील का, या धास्तीने देबेबेचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ज्याच्या दारात अख्खी वस्ती बसली, त्याला भाडोत्री माणसांनी उचलायचं?

"बाबा, वरचे लोक मला बोलतील हो." पहारेकऱ्याचा आवाज आता खाली आला होता.

"एकदाच रे. नावापुरतं."

"बरं. मी तिकडं तोंड करून उभा राहतो."

देबेबेने छाती भरून फुंकलं, मग वडीलधाऱ्याला लावायचं 'गाशे' लावून नाव पुकारलं. "ऐका हो! गाशे बेलाचेव गेले! पुस्तकवाले गाशे बेलाचेव गेले! दुपारी मिकाएलच्या चर्चमध्ये माती आहे, या हो!" नसलेल्या प्रत्येक दारापाशी तो थांबला. शिंप्या, ऐकतोस का? मास्तरीणबाई, उठा! सवयीने तो जरा वेळ वाट बघायचा, कारण आतून हंबरडा आल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही अशी रीत होती. आवाज समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून परत यायचा. देबेबेने शालीने डोळे पुसले. आयुष्यभर दुसऱ्यांची मरणं सांगितली, पण त्याला स्वतःला असं कधी रडू फुटलं नव्हतं.

आणि मग हंबरडा आला. फुलझाडांपलीकडे रस्ता झाडणारी बाई झाडू टाकून खाली बसली होती. शाल डोक्यावरून ओढून छाती पिटत होती.

"तू ओळखायचीस त्यांना?" देबेबेने जवळ जाऊन विचारलं.

"नाही हो, गाशे."

"मग गं?"

"किती दिवसांनी कर्णा ऐकला. आमचीही वस्ती पांगली. माझी आई गेली, तेव्हा कुणी फुंकलासुद्धा नाही." तिने नाक पुसलं. "दुपारी किती वाजता म्हणालात?"

दुपारी पुतण्या, त्याचे दोन मित्र, खालच्या मजल्यावरचा शेजारी आणि देबेबे एवढे होते. खांद्यापुरते. मागून कामावरच्या हिरव्या डगल्यातच ती झाडूवाली चालत होती. शिंपी आला नाही. मास्तरीणबाई आल्या नाहीत. देबेबे फाटकाकडे इतका वेळ बघत राहिला, की मूठभर माती टाकण्यासाठी धर्मगुरूंना त्याला दोनदा हाक मारावी लागली.

संध्याकाळी तो खोलीवर गेला. पुतण्या खोकी बांधत होता.

"गाशे, खोली सोडायचीय. तुम्हांला काही हवं असलं तर न्या."

"न्यायला नाही आलो." देबेबेने शालीतून पुस्तक काढलं. "हे परत करायचं होतं."

पीस अजून मधेच होतं. पुढे काय होतं, ते वाचून दाखवू का, असं पुतण्याने विचारलं. देबेबेने नको म्हणून मान हलवली. खिळ्याशेजारची जागा त्याला ठाऊक होती. त्याने पुस्तक तिथे उभं केलं. दोन्ही बाजू मोकळ्या, ते आडवं पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. मग त्याने खांद्यावरचा कर्णा उतरवून पुस्तकाला टेकू दिला आणि रिकाम्या हातांनी तो जिना उतरू लागला.